अधांतरी

लढाऊ विमानांच्या वैमानिकांचे पराक्रम आपल्याकडे घरोघरी ठाऊक. हेलिकॉप्टरवाल्याची आठवण फारशी कुणाला होत नाही. म्हणून ऑक्टोबर १९९२ ची ही हकीकत मला सांगावीशी वाटते.

हिमाचलातील परवाणू येथे रोपवेची ओढणारी तार तुटली. पाळण्यावरच्या कामगाराने घाबरून उडी टाकली व तो दगावला. १० प्रवासी दरीवर लोंबकळत राहिले. सरसावा तळावरून ग्रुप कॅप्टन फली होमी मेजर एमआय-१७ घेऊन आले. (मेजर हे आडनाव, हुद्दा नव्हे! जन्म सिकंदराबादचा, म्हणजे आम्हा हैदराबादकरांचे शेजारीच.)

तारांच्या वर यंत्र निश्चल धरायचे आणि दोराने माणूस पाळण्यावर उतरवायचा. पंख्यांच्या वाऱ्याने पाळणा हेलकावे खाई; यंत्र खाली आणावे, तर तारांत अडकण्याचे भय. शिवाय यंत्राच्या पोटाखाली काय चालले आहे, ते वैमानिकाला दिसतच नाही. दाराशी ओणवा झालेला सहकारी 'जरा डावीकडे' म्हणेल, त्यावरच सारी भिस्त.

दोराने उतरले ते १ पॅराचे मेजर इव्हान क्रास्टो. काही जणांना वर काढले, तोच अंधार पडला. उरलेल्यांसोबत क्रास्टो रात्रभर पाळण्यातच थांबले. सकाळी तेही सुटले.

क्रास्टोंना कीर्ती चक्र मिळाले, फली मेजरांना त्याखालचे शौर्य चक्र. मला हा क्रम रास्त वाटतो. २००७ मध्ये फली मेजर हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.