व्यंगमुद्राचित्रे: सत्तेला बोचणारे छाप आणि मुंबईचे चित्तप्रसाद

धर्माच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्यांची खिल्ली उडवणारे एकच चित्र असेल, तर ते जप्त करून प्रश्न मिटवता येतो. त्याच चित्राच्या शेकडो प्रती घरोघर पोहोचल्या, तर ते अवघड होते. लाकूड, दगड किंवा लिनोलियमच्या ठशावरून छापलेल्या अशा उपहासात्मक चित्रांना व्यंगमुद्राचित्रे म्हणता येईल.

भारतात सुरुवात कशी झाली?

१८७३ मध्ये बंगालमधील तारकेश्वर मंदिराच्या महंतावर एलोकेशी या विवाहितेशी अनैतिक संबंध ठेवल्याचा आरोप झाला. तिच्या नवऱ्याने तिचा खून केला आणि महंताला तुरुंगवास झाला. या प्रकरणावरची स्वस्त लाकडी ठशांची चित्रे कलकत्त्याच्या बाजारात विकली गेली. पुढे गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी १९१७ च्या सुमारास दगडी छापाच्या मालिका काढल्या. जातिव्यवस्थेच्या जात्यात भरडली जाणारी माणसे हे त्यांचे गाजलेले चित्र.

चित्तप्रसाद कोण होते?

चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांचे चित्रकलेचे रीतसर शिक्षण झाले नव्हते. आडनावावरून ब्राह्मण जात कळते, म्हणून त्यांनी ते टाकून दिले. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून त्यांनी ‘हंग्री बेंगॉल’ ही सचित्र पुस्तिका काढली. ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या.

१९४६ पासून ते मुंबईत राहिले, पुढे अंधेरीत. कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकांसाठी त्यांनी साम्राज्यवादी, साठेबाज आणि जमीनदार यांच्यावर व्यंगचित्रे काढली. पक्षाशी असलेले नाते तुटल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. बालमजुरांवरची त्यांची लिनोकट मालिका १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिच्यात उपहासाची जागा सरळ आरोपाने घेतली आहे.

लिनोकटच का?

लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचे मऊ आवरण. जो भाग कागदावर पांढरा हवा, तो कोरून काढतात. उरलेल्या उंच भागावर रुळाने शाई लावतात, वर कागद ठेवतात आणि चमच्याच्या पाठीने घासतात. छापाचे यंत्र नसले तरी चालते. छाप उलटा उमटत असल्याने अक्षरे आरशातल्यासारखी कोरावी लागतात. एकरंगी छापात पुसट छटा जवळजवळ नसतात, त्यामुळे काळे-पांढरे ठळक दिसते. पैसा आणि गॅलरी दोन्ही नसलेल्या चित्रकाराला हे साधन परवडत होते.

जाळून काय साधले?

‘हंग्री बेंगॉल’ची एक प्रत कुटुंबाकडे टिकून राहिली. त्या प्रतीवरून २०११ मध्ये पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली गेली.