भाला, बेसबॉल आणि कोपरातलं लिगामेंट

जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. १९४६ मध्ये ही दुखापत भालाफेकपटूंमध्ये नोंदवली गेली. साधी लचक असेल तर विश्रांती आणि व्यायाम बहुतेकदा पुरतात. पण १९७४ पूर्वी ते पूर्ण तुटलं, की बेसबॉलच्या पिचरचं करिअर बहुतेकदा संपायचंच!

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या उजव्या हातातला टेंडन काढला आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला. यशाची शक्यता? शंभरात एक, असं त्यांनीच सांगितलेलं. जॉन १९७६ मध्ये परतला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे.

मला महत्त्वाचं वाटतं ते मधलं अख्खं १९७५ साल. टेंडन रुजायला वेळ लागतोच. तिथे घाई आजही चालत नाही.