माथेरान लोहमार्गाची जुनी छायाचित्रे : कालनिश्चिती

नेरळ–माथेरान या सु. २० किमी. लांबीच्या अरुंदमापी (६१० मिमी.) डोंगरी लोहमार्गाची जुनी छायाचित्रे स्थानिक संग्रहांत बहुधा तारखेविना आढळतात. तारीख असलीच, तर ती पुष्कळदा मागाहून लिहिलेली असते. म्हणून चित्रातील कोणती वस्तू कोणत्या वर्षापूर्वी असणे शक्य नव्हते आणि कोणती कोणत्या वर्षानंतर उरली नाही, हे पाहून काळाच्या दोन मर्यादा ठरवितात.

स्थलनिश्चिती आधी करावी लागते. कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा टिटवाळ्यावरून थळ घाटाकडे, तर दुसरा नेरळवरून बोर घाटाकडे जातो. हे दोन्ही मार्ग रुंदमापी असले, तरी डोंगरउतारावरील गाडीचे चित्र पाहून नावांची गल्लत होऊ शकते. मथळाही फसवा असतो. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये माथेरानचे वर्णन आहे, कारण ते त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गेले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याच्या नावावरून मथळा केव्हा लिहिला याचा अंदाज येतो. चित्र केव्हा घेतले याचा मात्र येत नाही.

लोहमार्गाचे बांधकाम अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात केले; भांडवल त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांचे होते. रुळावर गाडी दिसत असेल, तर चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. मूळची चार बाष्प एंजिने जर्मनीतील ओरेन्स्टाइन व कोपेल या कंपनीची असून त्यांना सहा जोडचाके होती. तीक्ष्ण वळणे घेता यावीत म्हणून त्यांचे टोकांचे आस थोडे सरकू शकत. दार्जिलिंगची एंजिने मात्र चार जोडचाकांची असून पाण्याची टाकी बाष्पित्रावर खोगिरासारखी बसविलेली असते. दार्जिलिंगचा मार्ग १८८१ चा व त्याच मापाचा असल्याने त्याची चित्रे माथेरानची म्हणून खपतात. चाके मोजली की शंका फिटते. मात्र तेथील एक एंजिन एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेरळला आणले गेले, हे ध्यानात ठेवावे लागते. युंग कंपनीची डीझेल एंजिने १९५५ च्या सुमारास आली. तेव्हापासून काही काळ दोन्ही प्रकार एकत्र चालले.

नेरळ स्थानकाच्या चित्रात रुंदमापी रुळांवर विद्युत तारा दिसत असतील, तर ते १९२९–३० पूर्वीचे नाही. चित्रपत्रावरील तिकीटही उपयोगी पडते. सातव्या एडवर्डची तिकिटे १९०२ पासूनची, पंचम जॉर्जची १९११ पासूनची व सहाव्या जॉर्जची १९३७ पासूनची. मात्र टपालाच्या शिक्क्यावरून पत्र पाठविल्याचा दिवस कळतो. चित्र त्याहून कितीतरी जुने असू शकते, कारण एकाच काचेवरून वर्षानुवर्षे प्रती काढल्या जात. म्हणून शिक्क्याची तारीख ही केवळ उत्तरमर्यादा होय.

२००५ मध्ये हा लोहमार्ग जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आला आणि त्याच वर्षी २६ जुलैच्या अतिवृष्टीने त्याची मोठी हानी झाली. वाहतूक २००७ मध्ये पूर्ववत झाली. कोणता बांध मूळचा व कोणता नंतरचा हे ठरविताना २००५ पूर्वीची छायाचित्रे पुरावा ठरतात. तेथे चुकीची तारीख नसलेल्या तारखेपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्या आधारे नंतरचे बांधकाम मूळचे म्हणून नोंदले जाते.