मुक्कामाचें गांव

पनवेल हें नांव मुंबईकर किंवा पुणेकर माणसास अपरिचित नाहीं. परंतु पनवेल पाहिलेला माणूस मात्र विरळा. आगगाडीच्या खिडकींतून दिसलेला फलक, द्रुतगती मार्गावरून मागें पडलेली इमारतींची रांग, कोंकणांत जातांना घाईघाईनें घेतलेला चहाचा पेला, एवढ्यावर बहुतेकांची ओळख संपते. ज्या गांवानें पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांच्या थांबण्यावर आपला चरितार्थ चालविला, त्याच गांवापाशीं आज कोणी थांबत नाहीं, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशीं कोणी केवळ पनवेल पाहण्यासाठींच पनवेलास उतरला आणि परतीच्या गाडीची चिंता न करतां सावकाश हिंडला, तर त्यास हें गांव कसें दिसेल?

अशा पाहुण्यानें बाजाराकडे न वळतां आधीं खाडीच्या बाजूस, कोळीवाड्याकडे जावें. ओहोटी असेल तर प्रथम त्याची निराशाच होईल. चिखल, खारफुटीचीं झाडें आणि मधून वाहणारा पाण्याचा चिंचोळा पट्टा! एवढ्याशा पाण्यावर मुंबई आणि देश यांच्यामधला व्यापार चालत असे, हें पटत नाहीं. पण भरती येईपर्यंत बसून राहण्याची ज्याची तयारी असेल, त्यास सारा उलगडा होतो. पनवेल हें भरतीचें बंदर होतें. मुंबईहून निघालेला मचवा भरतीच्या पाण्यावरच आंत येई. वेळ चुकली कीं माणसें व माल घेऊन पुढच्या भरतीची वाट पाहत पडून राही. किनाऱ्यास लागल्यावर पुढें घाटाच्या वाटेची तयारी; बैल, गाडी, डोली, घोडें यांची जुळवाजुळव. तेव्हां पाण्याकडून येणारा असो वा घाट उतरून येणारा असो, पनवेलचा मुक्काम कोणास चुकत नसे. अडते, हमाल, खाणावळवाले, भाड्याचे गाडीवाले हे सारे त्या सक्तीच्या मुक्कामावर पोसले गेले.

हा मुक्काम फौजांसहि चुकला नाहीं. रघुनाथरावांचा पक्ष घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईकर इंग्रजांची सुमारें चार हजारांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरांत पनवेलास उतरली. तिच्याबरोबर ओझ्याचे सुमारें १९,००० बैल होते. एवढा पसारा घाट चढवून तळेगांवापर्यंत नेण्यास जानेवारी उजाडला. वाटेंत कार्ल्यापाशीं कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजेच मराठ्यांच्या तोंडचा ‘इष्टुर फांकडा’, पडला आणि वडगांव येथें इंग्रजांस मानहानिकारक तह लिहून द्यावा लागला. दोन वर्षांनीं, १७८१ मध्यें, जनरल गॉडर्ड याच वाटेनें बोरघाटापर्यंत गेला. परततांना परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या स्वारांनीं त्याचा असा पिच्छा पुरविला कीं, पनवेल गांठीपर्यंत त्याचे ४६६ लोक जखमी अगर ठार झाले. त्या एप्रिलच्या उन्हांत पनवेलची खाडी दृष्टीस पडतांच गोऱ्या शिपायांस काय वाटलें असेल, याची कल्पना खाडीकांठीं बसलेल्या पाहुण्यानेंच करावी.

पेशवाईच्या उत्तरार्धांत, १८०४ च्या सुमारास, जनरल वेलस्लीनें लष्करासाठीं बोरघाटांतून रस्ता काढविला, आणि १८३० मध्यें सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना तो चाकाच्या गाड्यांस खुला झाला. येथून पनवेलच्या भरभराटीचा काळ सुरू होतो. तिचें खरें स्मारक म्हणजे एक साधी वस्तु होय: गाडीचें चाक. पनवेलचीं चाकें केवळ आसपासच्या खेड्यांत नव्हे, तर देशावरहि जात, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. तुंबा, आरे, पुठे आणि वर चढविलेली लोखंडी धांव, एवढेच त्या चाकाचे भाग. पण धांव तापवून लाल करावयाची, ती लांकडावर बसते न बसते तोंच पाणी ओतून आवळावयाची, आणि लांकूड जळूं द्यावयाचें नाहीं, यांतच कारागिराची परीक्षा असे. घाटानें चाकें मोडावीं आणि घाटाखालच्या गांवानें तीं घडवावीं, हा व्यवहार किती स्वाभाविक! आज मात्र चाकाचा तो धंदा सारा गांव धुंडाळला तरी दिसत नाहीं. राजवाड्यांचे अवशेष राहतात, सुताराच्या निहाईची आठवण कोण ठेवतो?

या ऊर्जितावस्थेंतच, १८५२ मध्यें, पनवेलास नगरपालिका मिळाली. पुण्यासहि ती नंतर मिळाली. १८५० च्या कायद्याप्रमाणें नगरपालिका कोणावर लादली जात नसे, रहिवाशांनीं ती मागून घ्यावी लागे. कर भरण्याची तयारी दाखविणारें गांव त्या काळीं सुखवस्तु असलें पाहिजे हें उघड आहे. परंतु चारच वर्षांनीं, १८५६ मध्यें, आगगाडी कल्याणवरून खोपोलीपर्यंत आली. मुंबईचा प्रवासी थेट घाटाच्या पायथ्याशीं उतरूं लागला. १८६३ मध्यें बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां तर त्यास खालीं उतरण्याचेंहि कारण उरलें नाहीं. पनवेलवर कोणी स्वारी केली नाहीं, तें कोणी जाळलें नाहीं. लोकांना तेथें थांबण्याची गरज राहिली नाहीं, इतकेंच.

दुपारच्या उन्हांत जुन्या गांवाच्या गल्ल्या फिराव्या. बापटवाडा, बल्लाळेश्वराचें मंदिर आणि वडाळे तलाव पाहून बेने इस्रायली समाजाच्या ‘बेथ एल’ या प्रार्थनामंदिरापाशीं यावें. तें १८४९ चें आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत ‘शनिवार तेली’ या नांवानें ओळखले गेलेले हे लोक घरांत मराठी बोलत आणि इब्री भाषेंत प्रार्थना करीत. १९४८ नंतर त्यांपैकीं बहुतेक इस्रायलला गेले. तेथेंहि त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. पनवेलास त्यांचें मंदिर आहे, आणि एका तळ्यास अजून इस्रायल तलाव म्हणतात. ज्या गांवाचा धर्मच पाहुण्यांस ठेवून घेण्याचा, त्यानें यांनाहि ठेवून घेतलें होतें. जाणाऱ्यांस मात्र त्यास थांबवितां आलें नाहीं.

तरी व्यापार गेल्यावर गांव स्वस्थ बसलें असें नाहीं. १८७२ मध्यें कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथेंच आयुर्वेदीय औषधांचा ‘धूतपापेश्वर’ कारखाना काढला आणि पनवेलचें नांव औषधांच्या बाटल्यांवरून घरोघरीं गेलें. दुसरें नांव याहून दाहक आहे. पनवेलपासून जवळच्या शिरढोण येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास सरकारी हिशेबाच्या कचेरींत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थानें १८७९ मध्यें सरकाराविरुद्ध शस्त्र उचललें. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनीं पळस्पे व चिखली येथें छापे घातले. परततांना दौलतराव गोळीस बळी पडले आणि फडक्यांचें बळ तेथेंच खचलें. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या कारागृहांत त्यांचा अंत झाला.

पळस्पे फाट्यावर आज पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. तेथें संध्याकाळीं उभें राहिलें तर वाहनांची रांग खंडत नाहीं. १८५२ ची नगरपालिका २०१६ मध्यें महानगरपालिका झाली. तालुक्यांतील टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. पनवेलवरून जाणारांची संख्या पूर्वीं कधीं नव्हती एवढी वाढली आहे. त्यांतला कोणी भरतीची वाट पाहत नाहीं.

गोव्याच्या वाटेवर, दक्षिणेस, कर्नाळ्याचा सुळका मावळत्या उजेडांत अंगठा वर केल्यासारखा दिसतो. महाराजांनीं १६७० मध्यें परत घेतलेला आणि १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेलेला हा किल्ला पाहण्यास सबंध सकाळ हवी. पाहुण्यानें बाजारांत जेवावें, रात्रीं पनवेलासच मुक्काम करावा आणि ऊन चढण्यापूर्वीं गडाच्या पायथ्याशीं असावें.