भिंतीवरची पाल आणि पुस्तकातला चौकोन

पहिलीत असताना मी वर्गात मोठ्याने सांगितलं होतं, की पाल आम्ही रोज सकाळी पितो. अख्खा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही.

चूक माझी नव्हती. आमचं घर तेलुगू बोलणारं. तेलुगूत पालु म्हणजे दूध. पुस्तकातल्या वाक्यात पाल भिंतीवर होती. अक्षरं मला लागत होती, पण दूध भिंतीवर कसं, हे कळत नव्हतं.

सोलापुरात असं होणं नवलाचं नाही. 1877 साली इथे जुनी मिल सुरू झाली. कापडाच्या धंद्यामागे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घराघरांत कन्नड. शिवाय उर्दू आहेच. म्हणजे पहिलीच्या बाकावर बसलेल्या मुलाला दोन कामं एकदम करावी लागतात : अक्षर वाचायचं आणि त्या अक्षरांमागचा परका शब्दही शिकायचा. फळ्यावर शब्द दहा वेळा लिहून पहिलं काम होतं, दुसरं होत नाही.

म्हणून मला रणजितसिंह डिसले यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. 2009 साली ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत आले. पुढे त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. जपानमध्ये 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मलेला हा काळा-पांढरा चौकोन. तो स्कॅन केला, की कविता ऐकू येई, व्हिडिओ दिसे, गोष्ट किंवा गृहपाठ मिळे. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे सगळं तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल.

पण त्या पुरस्काराच्या परिचयात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. पुस्तकं मुलींच्या मातृभाषेत नव्हती, म्हणून डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तकं तिच्यात आणली. ती भाषा कन्नड. माझ्या मते मूळ काम हे आहे. चौकोन त्यानंतरचा.

विचार करा. माझ्या पहिलीच्या पुस्तकात कोड असता, तर त्याने 'पाल' हा शब्द स्वच्छ उच्चारून दाखवला असता. मला ऐकू आलं असतं दूधच! चित्र दिसलं असतं तर गोंधळ मिटला असता. पण तिथे चित्र हवं, हे सुचायला आमच्या घरात दुधाला काय म्हणतात ते ठाऊक असणारं माणूस हवं होतं.

2017 साली देशात दीक्षा हे व्यासपीठ सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. मग 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि कोडची खरी परीक्षा घराघरांत झाली. आमच्याकडे फोन एकच. कारखाने पुन्हा सुरू झाले तसा तो दिवसभर भावाच्या खिशात, यंत्रमागावर. पुतणीच्या पुस्तकातला चौकोन रात्री भाऊ घरी आल्यावर बोलायला लागायचा.

एका रात्री तिने गोष्ट ऐकली, पुन्हा ऐकली, मग फोन बाजूला ठेवून विचारलं,

"काका, लगबग म्हणजे काय?"

या शब्दाचं चित्र तरी काय काढणार? मी म्हटलं, "तोंदर. अम्मा सकाळी शाळेच्या वेळी तुझ्यामागे लागते ना, ती."

ती हसली. दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.