घराचा नकाशा आणि आपण बाया

आमच्या भंडाऱ्याकडे घराचा नकाशा म्हणजे मिस्त्रीने जमिनीवर चुन्याने ओढलेल्या रेघा. माझ्या स्वयंपाकघराला खिडकी ठेवायची राहिली. मला कोणी विचारलेच नाही. बावीस वर्षे धूर गिळला.

परंतु मुंबईच्या पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली जे. जे. स्कूलमधून वास्तुकलेची पदविका मिळविली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे वडिलांच्या पेढीत शिरून त्या भागीदार झाल्या. कारमायकेल रोडवरील सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला त्यांनीच आखला.

माझी धाकटी आता आयटीआयत दोन वर्षांचे नकाशाकाम शिकते. घरीच टेबल मांडून धंदा करीन म्हणते. परवा तिने विचारले, “आई, खिडकी कुठे हवी?”

तिचे पहिले गिऱ्हाईक मीच.