वेदना आणि बर्फाची दरी

भाजलेल्या मुलाचें दुःख भाजण्याच्या क्षणीं संपत नाहीं. पट्टी बदलण्याची वेळ आली कीं तें नव्यानें सुरू होतें. जखम धुवावी लागते, मेलेली कातडी काढावी लागते, सांधे आखडूं नयेत म्हणून ते ताणावे लागतात. मॉर्फीनसारखीं औषधें मूल स्वस्थ पडलेलें असतां चांगला उतार देतात. पण या घटकेला तीं पुष्कळदां अपुरीं पडतात, आणि मात्रा वाढवावी तर श्वास मंदावण्याचें भय. या पेचांतून वाट काढण्याचा एक विलक्षण प्रयत्न अमेरिकेंतील सिॲटल शहरीं गेल्या शतकाच्या अखेरीस झाला. त्याची हकीकत बहुधा यंत्राचा पराक्रम म्हणून सांगतात. परंतु यंत्रापूर्वीं आणखी एक गोष्ट घडावी लागली. ती म्हणजे मुलाला खरोखर दुखतें यावर वैद्यकाचा विश्वास बसणें.

तो बसण्यास फार उशीर लागला. १९४१ सालीं मर्टल मॅग्रॉ या अमेरिकन विदुषीनें तान्ह्या मुलांस टाचणी टोंचून त्यांच्या हालचाली टिपल्या. नवजात बालकांची प्रतिक्रिया तिला अस्पष्ट दिसली. त्यांचा मेंदू वेदना जाणण्याइतका पक्व नसतो, हें मत वैद्यकांत पुढें बराच काळ टिकून राहिलें. घरांतील कोणत्याहि आजीनें तें हंसण्यावारी नेलें असतें. शस्त्रवैद्यांस मात्र तें पटण्याजोगें वाटलें, आणि त्यांत सोयहि होती. कारण अशक्त बालकास पूर्ण भूल देणें त्या काळीं धोक्याचेंच होतें. परिणाम असा झाला कीं, १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत अनेक रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर स्नायू लुळे करणारें औषध व नांवापुरती भूल एवढ्यावर शस्त्रक्रिया होत. मूल हलत नसे; म्हणून त्याला दुखत नसावें, असा हा न्याय!

या समजुतीला मोठा धक्का देणारे संशोधक आपल्याकडचे होते. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेऊन डॉ. कंवलजीत आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परत आलेल्या बालकांची दशा त्यांस तेथें खटकली. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं बालकांस नेहमींच्या भुलीबरोबर फेंटानिल हें वेदनाशामक दिलें, कांहींस नेहमींची भूलच ठेविली, आणि दोन्ही गटांच्या रक्तांतील ताणाचीं द्रव्यें मोजलीं. फेंटानिल मिळालेल्या बालकांवरील ताण बराच कमी भरला व मागाहूनचे उपद्रवहि कमी झाले. १९८७ सालीं ही हकीकत ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाली. आजीला जें ठाऊक होतें, तें आतां आंकड्यांत आलें.

दुसरा धागा याहून जुना आहे. संस्कृतांत ‘वेदना’ हा शब्द विद् म्हणजे जाणणें या धातूपासून आला; दुखणें हें एक प्रकारचें जाणणेंच, असें त्या शब्दाच्या पोटांत आहे. १९६५ सालीं रोनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनीं असें मांडलें कीं, जखमेची वार्ता मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणू एक दार लागतें, आणि तें कमीअधिक उघडणें वरून मेंदूच्याहि हातीं असतें. त्यांच्या मांडणींतील बारकावे पुढें बदलले. पण अवधान, भीति आणि अपेक्षा यांचा वेदनेशीं खरा संबंध आहे, ही गोष्ट टिकली.

सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत हंटर हॉफमन हे मानसशास्त्रज्ञ कोळ्यांचें भय घालविण्यासाठीं ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणजे आभासी सृष्टि वापरीत. डोक्यावर टोप चढविला कीं डोळ्यांपुढें संगणकानें रचलेलें स्वयंपाकघर दिसे, त्यांत कोळी असे, आणि मान वळेल तसा देखावाहि वळे. त्याच शहरांतील हार्बरव्ह्यू रुग्णालयांत डेव्हिड पॅटरसन हे भाजलेल्यांच्या वेदनांवर संमोहनाचा उपयोग करीत. १९९६ सालीं दोघे एकत्र आले. १६ व १७ वर्षांच्या दोन मुलांच्या जखमांची शुश्रूषा चालू असतां थोडा वेळ त्यांस साधा निन्टेन्डो खेळ दिला व थोडा वेळ टोप घातला. टोपाच्या वेळीं वेदना पुष्कळ कमी झाली व तिचा विचारहि कमी आला, असें दोघांनीं सांगितलें. हा वृत्तान्त २००० सालीं छापून आला. दोन मुलांवरून सिद्धान्त होत नाहीं, हें खरें. पण भेद सूक्ष्म आहे. खेळाच्या पडद्यावरून नजर हलली कीं जखम व चिमटा दिसतो. टोपांत तो दिसतच नाहीं.

पुढें खास भाजलेल्यांसाठीं ‘स्नोवर्ल्ड’ निघालें. निळ्यापांढऱ्या बर्फाच्या दरींतून मूल सावकाश तरंगत जातें आणि हिमपुरुषांवर व पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेंकतें. आगीनें पोळलेल्या मुलास बर्फांत नेण्याची कल्पना कोणा कवीस सुचावी अशीच आहे. पाण्याच्या टाकींत बसवून जखमा धुण्याच्या वेळीं विजेचा धोका नको म्हणून काचतंतूंच्या द्वारें चित्र डोळ्यांपर्यंत नेण्याची युक्तिहि झाली. २००४ सालीं निरोगी प्रौढांच्या पायाला सोसवेल इतका चटका देऊन मेंदूचीं चित्रें घेण्यांत आलीं. तेव्हां वेदनेशीं निगडित अशा पांच भागांतील चलनवलन आभासी सृष्टींत निम्म्याहून अधिक घटलेलें आढळलें. म्हणजे दुखणें कमी झालें हें केवळ तोंडचें बोलणें नव्हतें.

मात्र उत्साहाला लगाम हवा. २०२० सालच्या कॉक्रेन समालोचनानें ४ ते १८ वर्षांच्या १,००८ मुलांवरील १७ प्रयोग तपासले आणि पुरावा अजून कच्चा आहे, असा निर्वाळा दिला. कांहीं मुलांस टोपानें मळमळहि होते. मुख्य धोका याहून निराळा आहे: टोप आहे तर औषध कशाला, असें कोणी म्हणूं लागेल. सिॲटलच्या प्रयोगांत मुलांस औषध बंद केलेलें नव्हतें. टोप त्याच्या जोडीला होता. मूल गप्प बसलें म्हणून त्याला दुखत नाहीं, ही १९४१ नंतरची चूक नव्या वेषांत परत यावयास नको.

चार वर्षांखालील मुलें तर त्या समालोचनांत नव्हतींच. अगदीं तान्ह्यांसाठीं सुईच्या वेळीं आईचें दूध अथवा जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब, हाच उपाय अनेक चांचण्यांतून उतरलेला आहे.